घरातला वास गॅसचा की नालीचा?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

एप्रिल लागला की आमच्या इकडे दुपारी दारं लावून कूलरपुढं पडायचं, मागच्या सैपाकघरात कोण जाते. मागच्या उन्हाळ्यात तिथं दोन दिवस घाण वास येऊन राहिला होता. बायको म्हणे नालीचा असन, आई म्हणे उंदीर मेला असन, मी मोरीत फिनाईल ओतलं अन् मोकळा झालो. तिसऱ्या दिवशी पुण्याला हॉटेलात काम केलेला शेजारचा पोरगा आत पाय टाकताच ओरडला, काका बटन दाबू नका, हा गॅस आहे. नळी उंदरानंच कुरतडली होती, म्हणजे आईचा अंदाज अर्धा बरोबर निघाला. रात्री रेग्युलेटर बंद करायची सवय होती म्हणून वाचलो.

चूक होते ती इथंच. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, कळावं म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं वासाचं रसायन टाकतात, त्याचा वास सडल्या पत्ताकोबीसारखा, अन् संडासच्या टाकीतला गॅस सडक्या अंड्यासारखा, आता नाकाला काय फरक कळणार? म्हणून आधी गॅसच समजा. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, कूलर-लाईटच्या बटनाला हात नाही, चालू असन तर चालूच राहू द्या, अन् बाहेर येऊन १९०६ ला फोन, हा गॅस लिकेजच्या तक्रारीचा नंबर, चोवीस तास लागतो. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली जमिनीशी साचतो, वर खिडकी उघडी आहे म्हणून निवांत राहू नका. नळी तपासायची तर साबणाच्या पाण्यानं, बुडबुडे आले की लिकेज. काडी ओढून पाहणारे बहाद्दर आमच्या गावात अजून आहेत बाप्पा! नळीची मुदत ५ वर्षं, तिच्यावरच छापलेली असते, आमची कधीची संपली होती.

नालीचा वास वेगळ्या कारणानं येतो. जी न्हाणी कोणी वापरत नाही तिच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे टाकीचा वास अडवायला पाणी साचून राहते त्या वाकड्या भागातलं, पाणी उन्हाळ्यात आटते अन् टाकीचा गॅस सरळ घरात, बादलीभर पाणी ओता, वास जाते. नाही गेला तर टाकीचा व्हेंट पाईप, म्हणजे गॅस वर बाहेर सोडणारा पाईप, बघा, मिस्त्रीनं लावला तरी का? एकच मोरी तुंबली तर तेवढाच कचरा, पण संडासात पाणी टाकलं की मोरी गुडगुड करते, सगळीकडंच पाणी हळू उतरते, तर टाकी भरली किंवा मेन लाईन चोक. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाईपाचे जोड सुटतात. भर मे महिन्यात लाईनवर तेवढंच गवत हिरवंगार दिसलं की समजा तिथं फुटली.

अन् झाकण काढून टाकीत डोकावू नका, माणूस तर उतरवूच नका, हातानं मैला साफ करवण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानंही मनाई आहे. आत गॅस जास्त असला की नाकच मरते, वास येत नाही म्हणून उतरलेला वर येत नाही.

आमच्या इकडे सिलिंडरची गाडी चौकात उभी राहते, लोक सिलिंडर खांद्यावर टाकून चालते होतात. सील काढून वॉशर अन् लिकेज तिथंच पाहून मागा, वजनही. गाडीवाला कुरकुर करन, करू द्या. १९०६ हा नंबर तुमच्या पेपरात रोज कोपऱ्यात छापता आला तर बघा.

आपला एक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ