ठसका आणि अख्खा शेंगदाणा

महोदय,

सोलापुरात शेंगाचटणी-भाकरी खाता खाता बोलणाऱ्याला ठसका ठरलेलाच. घरात लगेच, ‘कुणीतरी आठवण काढली!’ खरं तर घास गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावर कंठच्छदाचं झाकण पडतं (पडजिभेचं नव्हे), स्वरतंतू मिटतात, श्वास क्षणभर थांबतो. बोलण्याने हा मेळ चुकतो आणि आत शिरू पाहणारा कण खोकला बाहेर फेकतो. म्हणून खोकणाऱ्याला खोकू द्यावं. आवाजच फुटेना, तर मात्र पुढे वाकवून पाठीत धपाटे द्यावेत, १०८ला फोन करावा. अगदी लहानग्यांना दाढा नसतात, थोड्या मोठ्यांना दाणा नीट चावता येत नाही. न चावलेला दाणा श्वासनळीत, बहुधा तिच्या रुंद, सरळ उजव्या फांदीत जाऊन बसतो. ५ वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत. बारीक कूट चालेल.

– एक वाचक, सोलापूर