फिटची भीती सोडा, आठवड्यातले काही तास आमच्या मुलांना द्या

सप्रेम नमस्कार.

अपस्मार, म्हणजे वारंवार फिट (आकडी) येण्याचा आजार, आणि त्याच्या जोडीला शारीरिक किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या लहान मुलांच्या पालकांचं आमचं मंडळ आहे. देणगीसाठी आम्ही नेहमीच लिहितो आणि आजही देणगी मागणार आहोत. पण या वेळी पहिलं मागणं माणसांचं आहे. आठवड्यातून एकदा, दोन-तीन तास, मुलाजवळ बसू शकेल असं माणूस प्रत्येक घराला हवं आहे. काय करायचं आणि काय नाही, हे शिकवण्याची जबाबदारी मंडळाची.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. वेळेवर निदान आणि योग्य औषध मिळालं तर त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट थांबू शकतात. आमच्या मंडळातली बहुतेक मुलं उरलेल्यांत मोडतात. कुणाच्या मेंदूला जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडला, कुणाला तान्हेपणी मेंदूज्वर झाला, कुणाच्या मेंदूची घडणच गर्भात वेगळी झाली. ज्या इजेमुळे हातपाय ताठरले, बोलणं आलं नाही, नजर ठरत नाही, त्याच इजेतून फिटही येतात. नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही फिट थांबल्या नाहीत, तर डॉक्टर त्याला औषधांना दाद न देणारा अपस्मार म्हणतात. अशा घरात एक औषध कमी करत दुसरं वाढवणं कायमचं चालू असतं. प्रत्येक बदलाबरोबर मूल कधी सुस्त होतं, कधी चिडचिडं होतं, कधी त्याची भूक जाते. हे औषधामुळे की आजारामुळे, हे आधी आईच्या लक्षात येतं. डॉक्टरांना ते नेमकेपणाने सांगता यावं म्हणून ती सगळं वहीत लिहून ठेवते.

बाहेरून पाहणाऱ्याला फक्त फिट दिसते. घरातल्यांचा दिवस मात्र फिटच्या अधल्यामधल्या कामांनी भरलेला असतो. सकाळचं आणि रात्रीचं औषध घड्याळ लावून द्यावं लागतं, कारण एक मात्रा चुकली तरी फिट येऊ शकते. गोळी गिळता येत नाही म्हणून ती कुटून पाण्यात विरघळवायची आणि सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थोडी थोडी सोडायची. सगळ्या गोळ्या अशा कुटता येत नाहीत, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या तर औषध एकदम अंगात उतरतं. औषध दिल्यावर मूल लगेच ओकलं तर मात्रा परत द्यायची की नाही, हा प्रश्न कितीतरी आयांनी मध्यरात्री आमच्या गटात विचारला आहे.

भरवणं हे एक वेगळंच काम आहे. गिळण्याचे स्नायू साथ देत नाहीत, त्यामुळे मुलाला सरळ बसवून, मान किंचित पुढे झुकवून, एकेक घास उतरल्याची खात्री करत भरवावं लागतं. घाई केली तर घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. म्हणून एकेका जेवणाला पाऊण-एक तास लागतो, आणि त्यानंतर लगेच आडवं करता येत नाही. ज्यांना तोंडाने पुरेसं जात नाही त्यांना पोटात बसवलेल्या नळीतून भरवतात. नळी पाहून पाहुणे दचकतात. नळीमुळे मुलाचं वजन वाढतं आणि रोजची झटापट संपते, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. काही मुलं कीटोजेनिक आहारावर आहेत. फिट कमी करण्यासाठी हा आहार १९२१ पासून वापरला जातो. त्यात भरपूर स्निग्ध पदार्थ आणि अगदी कमी पिष्टमय पदार्थ, तेही ग्रॅमवर मोजून. सर्दीच्या गोड सिरपमधली साखरसुद्धा हिशोबात धरावी लागते. तेव्हा कौतुकाने कुणी मुलाच्या तोंडात काही घालू नये, एवढी विनंती इथेच करून ठेवतो.

त्यानंतर अंग धुणं, कपडे चढवणं, ताठ पाय हलकेच सैल करणं, हातपाय सरळ ठेवणारे आधार (स्प्लिंट) बांधणं, उभं राहण्याच्या चौकटीत उभं करणं, ठरावीक वेळाने कूस बदलणं. ज्यांना स्वतःहून हलता येत नाही त्यांची कूस बदलली नाही तर कातडीवर जखमा होतात. पायांवर उभं राहण्याचा भार पडला नाही तर खुब्याचे सांधे नीट घडत नाहीत आणि हळूहळू निखळू लागतात, म्हणून अधूनमधून खुब्याचा एक्स-रेही काढावा लागतो. मूल वाढतं तसं वजन वाढतं, आणि त्याला उचलणाऱ्यांच्या कमरा दुखू लागतात. आमच्यातल्या आजी-आजोबांनी आता उचलणं सोडलं आहे, पण मांडीवर घेऊन गाणी म्हणणं सोडलेलं नाही.

रात्रीचं सांगितलं नाही तर हे सगळं अर्धवट राहील. पुष्कळ मुलांना फिट झोपेत किंवा जाग येताना येतात. आईबाबा पाळीने झोपतात. अंथरुणात जरा खसफस झाली की एकाचे डोळे उघडतात, आणि अजिबात आवाज नसला तरी उघडतात. झोप कमी झाली की मुलाच्या फिट वाढतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. झोप कमी झाली की पालकांचं काय होतं, हे क्वचितच कुणी विचारतं. अपुऱ्या झोपेत औषधाची मात्रा मोजताना हात चुकू शकतो. म्हणून पालकांची झोप हा आम्ही उपचाराचाच भाग मानतो.

मग माणसं मदतीला का येत नाहीत? आमच्या मते लोकांना कळवळा असतो, पण त्याहून मोठी भीती असते. शेजारची ताई बसायला तयार असते, मावशी तयार असते, आणि शेवटी एकच वाक्य येतं: ‘मी असताना फिट आली तर?’ ही भीती अगदी रास्त आहे. म्हणून त्याचं उत्तर इथेच सविस्तर देतो. तुम्ही आमच्याकडे आला नाहीत तरी हे वाचून ठेवा, कुठेही उपयोगी पडेल.

फिट आली की आधी घड्याळ पाहा. कितीही गोंधळ झाला तरी सुरुवातीची वेळ लक्षात ठेवा. मुलाला जमिनीवर किंवा गादीवर ठेवा, आसपासच्या टोकदार आणि कठीण वस्तू बाजूला सारा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, गळ्याशी घट्ट कपडा असेल तर सैल करा. खुर्चीत पट्ट्याने बांधून बसवलेलं मूल असेल आणि ते सुरक्षित असेल, तर ओढाताण करून बाहेर काढू नका, मान आणि डोकं सांभाळा. शक्य होताच मुलाला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ किंवा उलटी बाहेर पडेल आणि श्वासाची वाट मोकळी राहील. हातपाय दाबून धरू नका. दाबल्याने फिट थांबत नाही, हाड मात्र मोडू शकतं. तोंडात चमचा, बोट, कापड, पाणी, औषधाची गोळी, काहीही घालू नका. जीभ गिळली जाते ही समजूत खोटी आहे. नाकाशी काही हुंगवूनही फिट थांबत नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. ५ मिनिटं झाली तरी थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी सुरू झाली, तर रुग्णवाहिका बोलवायची. घरात डॉक्टरांनी लिहून दिलेलं तातडीचं औषध असतं, बहुतेक वेळा नाकात फवारायचं किंवा गालात सोडायचं मिडाझोलम. ते कधी आणि किती द्यायचं, हे त्या मुलाच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद भिंतीवर लावण्याचा आमचा आग्रह असतो. फिट थांबल्यावर मूल गाढ झोपतं किंवा भांबावतं. तेव्हा त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवत जवळ बसायचं आणि हळू आवाजात बोलत राहायचं.

प्रत्येक फिट अशी अंग झटकणारी नसते. कधी मूल काही क्षण एकटक पाहत राहतं, हाक दिली तरी वळत नाही. कधी फक्त ओठ चावल्यासारखे हलतात. तान्ह्या बाळांत तर दचकल्यासारखं डोकं पुढे झुकतं आणि हात उघडतात, असं एकामागून एक होत राहतं. इंग्लंडमधल्या विल्यम जेम्स वेस्ट या डॉक्टरांनी १८४१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून आपल्या स्वतःच्या बाळाच्या अशाच झटक्यांचं वर्णन केलं. त्या काळी माहीत असलेले उपाय करून ते थकले होते आणि इतर डॉक्टरांनी याकडे लक्ष द्यावं अशी विनंती त्यांनी त्या पत्रात केली होती. त्या आजाराला आज त्यांच्याच नावाने ओळखतात. एका बापाने सगळ्यांपुढे हात जोडून मागितलेली ती मदत होती, आणि तिच्यामुळे पुढच्या कितीतरी बाळांचा आजार ओळखता आला. म्हणून मागायला आम्हाला संकोच वाटत नाही. असे झटके दिसले तर मोबाइलवर चित्रीकरण करा. डॉक्टरांसमोर फिट क्वचितच येते, त्यामुळे त्यांना अशा चित्रफितीची मोठी मदत होते.

आता तुमच्या त्या दोन-तीन तासांविषयी. सुरुवातीला तुम्ही एकटे नसाल. आई किंवा बाबा घरातच असतील, तुम्ही पाहाल, विचाराल, हळूहळू हातात घ्याल. मुलाची आणि तुमची ओळख होऊ द्यायची. ही मुलं बोलत नसली तरी ओळखतात. आवाज ओळखतात, पावलांची चाहूल ओळखतात, कोणत्या माणसाच्या कडेवर झुलायला मिळतं हे तर पक्कं ओळखतात. तातडीचं औषध देण्याचं आणि नळीने भरवण्याचं काम प्रशिक्षण पूर्ण झालेल्या स्वयंसेवकांकडेच असेल. बाकीच्यांनी गोष्ट वाचावी, खेळणं वाजवावं, उन्हात फिरवून आणावं, नुसतं हात धरून बसावं.

त्या वेळात आईबाबा काय करतात? बहुतेक जण झोपतात. काही जण धाकट्याला किंवा थोरलीला घेऊन बाहेर पडतात. या भावंडांचा उल्लेख आवर्जून करतो. ताईच्या शाळेचा कार्यक्रम अर्ध्यावर सोडून दवाखान्यात पळावं लागतं, तिचा वाढदिवस पुढे ढकलला जातो, आणि ती तक्रार करत नाही म्हणून सगळे तिला समजूतदार म्हणतात. तिच्या वयाला एवढा समजूतदारपणा जड आहे. ज्यांना मुलाजवळ बसण्याचं धाडस होत नाही, त्यांनी भावंडांना अभ्यासात मदत करावी, मैदानावर न्यावं. तेही आम्हाला तेवढंच मोलाचं आहे.

देणगीचा पैसा दोन कामांना जातो. पहिलं काम औषधांचं. अपस्माराचं औषध एकाएकी बंद झालं तर न थांबणारी फिट येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. हातात पैसा नाही म्हणून चार दिवस औषध थांबलं, असं एकाही घरात होऊ नये यासाठी हा निधी आहे. औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच, दुकानातून थेट त्या कुटुंबाला मिळतं. कृपया घरात उरलेली औषधं आम्हाला देऊ नका, ती आम्ही कोणत्याही मुलाला देऊ शकत नाही.

दुसरं काम साहित्यपेढीचं. आधार देणाऱ्या खुर्च्या, उभं राहण्याच्या चौकटी, आंघोळीच्या जाळीदार खुर्च्या, घशातली लाळ आणि कफ ओढून काढणारी सक्शन यंत्रं, विशेष गाद्या हे सगळं महागडं असतं आणि मूल वाढलं की लहान पडतं. साहित्यपेढीत एकाला लहान झालेली खुर्ची दुरुस्त करून, धुऊन, दुसऱ्याच्या मापाला जुळवून दिली जाते. माप घेण्याचं काम फिजिओथेरपिस्ट करतात. चुकीच्या मापाच्या खुर्चीने पाठीचा कणा वाकतो, त्यामुळे दिसेल ती खुर्ची कुणालाही देता येत नाही. जुनं साहित्य असेल तर आधी फोटो पाठवा, उपयोगी असेल तर आम्हीच येऊन नेऊ. सुतारकाम, वेल्डिंग, शिवणकाम येणारे हात इथे फार कमी पडतात. खुर्चीचा पट्टा बदलणं, पायरीच्या जागी उतार करून देणं, मान टेकायला उशी शिवणं अशी कामं रखडून पडली आहेत. डायपर, मऊ चादरी, सुई नसलेल्या नव्या सिरिंज हे वस्तुरूपानेही चालेल. आलेल्या प्रत्येक देणगीची पावती मिळेल. हिशोब मंडळाच्या सभेत वाचला जातो आणि तो कुणालाही पाहता येतो.

मुलांचे फोटो या आवाहनासोबत नाहीत. फिट आलेल्या, नळ्या लावलेल्या अवस्थेतला आपल्या लेकराचा फोटो दाखवून पैसे मागायचे नाहीत, असं आम्ही पालकांनी मिळून ठरवलं आहे. प्रत्यक्ष या, भेटा, मुलांना हसताना पाहा.

शाळा, बालवाड्या, खेळाचे गट, वाहनचालकांच्या संघटना यांनी बोलावलं तर आमचे प्रशिक्षित सदस्य येऊन फिटच्या वेळचे प्रथमोपचार तासाभरात करून दाखवतात. त्याचे पैसे घेतले जात नाहीत. फेब्रुवारीचा दुसरा सोमवार हा आंतरराष्ट्रीय अपस्मार दिन आहे. त्या निमित्ताने बोलावणार असाल तर आधीच कळवा, म्हणजे तारखा जुळवता येतील.

वेळ देऊ इच्छिणाऱ्यांनी आपलं नाव, मोकळा वार आणि वेळ, आणि मुलांजवळ बसायला आवडेल, भावंडांबरोबर की दुरुस्तीच्या कामात, एवढं लिहून मंडळाकडे द्यावं. सोळा वर्षांवरील मुलामुलींनी पालकांच्या संमतीने यावं, पण त्यांना मुलाजवळ एकटं बसवलं जाणार नाही. पुरेशी नावं आली की पहिल्या प्रशिक्षणाची तारीख सगळ्यांना कळवू.

आपले,
पालक मंडळाचे सर्व सदस्य