बस भंगारात गेली, सकाळच्या फेरीचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सत्तरी तालुक्यातील आमच्या गावाहून सकाळी सहा चाळीसला सुटून होंडा, साखळी, आमोणे, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे या मार्गाने पणजीला जाणारी एक खासगी बस गेल्या मार्चअखेर कायमची बंद झाली. मालकांनी ती पासिंगला, म्हणजे योग्यता तपासणीला, नेलीच नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झाला असता, असे त्यांनी आम्हाला सांगितले आणि त्यात खोटे काही नसावे. गाडी खरोखरच थकली होती, तिने रस्त्यावरून निवृत्त होणे योग्यच होते. परंतु ज्या दिवशी ती बस बंद झाली त्याच दिवशी तिची फेरीही बंद झाली, आणि पाऊस सुरू होऊन महिना उलटला तरी त्या वेळेला दुसरी बस आलेली नाही. हा प्रश्न आमच्या एका गावापुरता नाही. गोव्याच्या अंतर्भागात अशा वय झालेल्या अनेक बस आज धावत आहेत आणि येत्या काही वर्षांत त्या एकामागून एक थांबणार आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ही बस २००६ सालची. पणजीतील एका कार्यालयात नोकरी करीत असताना निवृत्त होईपर्यंतची पंधरा वर्षे मी तिनेच गेलो-आलो, त्यामुळे तिचे दुखणे आणि तिचे उपकार हे दोन्ही मला जवळून ठाऊक आहेत. शेवटच्या चार-पाच वर्षांत चालक तिला रात्री देवळाच्या वरच्या बाजूला उतारावर उभी करून ठेवीत असे, कारण सकाळी स्टार्टर लागेलच याची खात्री नसे. ब्रेक सोडला की गाडी आपल्या वजनाने उतरू लागे, पिंपळाच्या पारापर्यंत आली की चालक गिअर टाकून क्लच सोडी, आणि एक जोराचा हिसका बसून इंजिन धरत असे. तो हिसका बसला की आत बसलेली सगळी मंडळी निःश्वास टाकीत. उजवीकडच्या तिसऱ्या बाकड्यावर टपाच्या पत्र्याचा सांधा सुटला होता. तिथे डांबर लावून झाले, वर ताडपत्री बांधून झाली, तरी जुलैच्या पावसात पाण्याची धार नेमकी त्याच जागी पडे. ती जागा रिकामी दिसली म्हणून नवखा प्रवासी तिथे बसू लागला की शेजारची बाई त्याला हात धरून थांबवीत असे. दाराजवळच्या लोखंडी दांड्याचा रंग केव्हाच गेला होता आणि माणसे चढताना जिथे हात घालत तेवढीच वीतभर जागा घासून घासून चकचकीत झाली होती.

तिने आम्हाला गैरसोयही पुष्कळ दिली, आणि हे लपवून जुन्या गाडीचे गोडवे गाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. निवृत्तीपूर्वीच्या एका पावसाळ्यात संध्याकाळी परत येताना आमोण्याच्या अलीकडे तिचा क्लच गेला. चाळीसएक माणसे रस्त्याच्या कडेला छत्र्या घेऊन उभी राहिली. त्यांत बांबोळीच्या इस्पितळातून रुग्णाला भेटून परतणारे एक वृद्ध जोडपे होते, शिकवणीहून येणाऱ्या मुली होत्या. मागून येणारी बस आधीच भरलेली होती, तिने सहा जणांना घेतले. उरलेल्यांनी घरी फोन केले, ज्यांना जमले त्यांच्यासाठी मोटारसायकली आल्या. ज्यांच्यासाठी कोणी येणार नव्हते त्यांच्याबरोबर वाहक रात्री नऊपर्यंत थांबला आणि त्याने सर्वांचे अर्धे भाडे परत केले. त्या दिवशी ब्रेक न जाता क्लच गेला, हे आमचे नशीब. जुन्या बसमध्ये बसणारा माणूस रोज मनात हा हिशोब करीत असतो, पण तो बोलून दाखवीत नाही, कारण तक्रार केली आणि गाडीच बंद झाली तर उद्या जायचे कसे, ही धास्ती त्या भीतीपेक्षा मोठी असते. पासिंगच्या वेळी प्रवाशांचे कोणी का ऐकत नाही, असे विचारले जाते. प्रवासीच गप्प बसतात, हेही त्याचे एक कारण आहे, आणि ते का गप्प बसतात हे अधिकाऱ्यांनी समजून घेतले पाहिजे.

भाड्याने प्रवासी नेणाऱ्या वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. सरकारी मालकीच्या वाहनांसाठी केंद्राने याहून कडक नियम केला असून, १ एप्रिल २०२३ पासून परिवहन महामंडळांच्या बससह पंधरा वर्षांपुढील सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात येते आणि ती भंगारात काढावी लागतात. खासगी बसचा निकाल मात्र मुख्यतः वार्षिक पासिंगच्या वेळी लागतो. याचा अर्थ असा की, कोणती बस केव्हा थांबणार याचा अंदाज आधी बांधता येतो. माझ्या पुतण्याने 'एमपरिवहन' या सरकारी अॅपवर आमच्या बसचा क्रमांक घातला तेव्हा तिच्या नोंदणीची तारीख आणि योग्यता प्रमाणपत्राची मुदत क्षणात समोर आली. जे एका विद्यार्थ्याला मोबाइलवर दिसते ते वाहतूक खात्याला दिसत नाही, असे कसे म्हणावे? बसचे वय खात्याला ठाऊक असते, तिचा मार्ग आणि वेळ परमिटवर लिहिलेली असते. ह्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून, येत्या वर्षभरात कोणत्या गावची कोणती फेरी धोक्यात आहे याची यादी करणे आणि ती त्या त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, एवढेच काम राहते.

कायद्यातही वाट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ७२ नुसार परमिट देताना वेळापत्रकाची आणि फेऱ्यांची अट घालता येते, कलम ८३ नुसार परमिटधारकाला परवानगी घेऊन जुन्या गाडीच्या जागी त्याच प्रकारची दुसरी गाडी लावता येते, आणि कलम ८७ नुसार तात्पुरत्या गरजेसाठी चार महिन्यांपर्यंतचे तात्पुरते परमिट देता येते. आमच्या बाबतीत चार महिन्यांचे असे परमिट दुसऱ्या कोणाला दिले गेले असते किंवा महामंडळाने तेवढ्यापुरती एक गाडी फिरवली असती, तर आमच्या मुलींचे महाविद्यालयाचे पहिले आठवडे बुडाले नसते. परमिट कागदावर जिवंत आणि रस्त्यावर गाडी नाही, ही स्थिती प्रवाशाला सर्वांत जाचक ठरते, कारण दुसऱ्या कोणी त्या वेळेसाठी अर्ज केला की ती वेळ आधीच दिलेली आहे, असे उत्तर त्याला मिळू शकते.

बसमालकांवर राग काढण्यात मला अर्थ दिसत नाही. आमच्याकडच्या बहुतेक बस एका कुटुंबाची एक गाडी अशा आहेत. वडील चालवीत, मुलगा वाहकाचे काम करी, आणि आता मुलाला दुसरीकडे नोकरी लागली आहे. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या भारत स्टेज सहा मानकाच्या आहेत. त्यांचा धूर पुष्कळ कमी, पण त्यांची किंमत वडिलांनी घेतलेल्या गाडीच्या मानाने फार मोठी आहे. जुनी बस अधिकृत केंद्रात मोडीत दिल्यास मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या व्यावसायिक वाहनाच्या करात पंधरा टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राने केली आहे, हे आमच्या मालकांना मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. खासगी बस महामंडळाच्या वेळापत्रकाखाली चालवून किलोमीटरमागे मोबदला देणारी गोव्याच्या सरकारी कदंब परिवहन महामंडळाची 'म्हजी बस' योजनाही आहे. एकच गाडी असलेल्या मालकाला या गोष्टी समजावून सांगणारे कोणीतरी तालुक्याच्या ठिकाणी बसले पाहिजे. पासिंगला गाडी नापास झाल्याची चिठ्ठी हातात देताना, पुढे काय करता येईल हेही त्याच खिडकीवर सांगता आले तर किती बरे होईल.

मुंबईत १५ सप्टेंबर २०२३ रोजी बेस्टच्या शेवटच्या डिझेल डबलडेकरने निरोप घेतला तेव्हा लोकांनी तिला हार घातले, तिच्यासोबत छायाचित्रे काढली. आमच्या बसलाही शेवटच्या दिवशी गावातल्या बायकांनी शेवंतीची वेणी बांधली होती. त्या भावनेचा मी आदर करतो. मात्र हार घालून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी थांब्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचे काय होते, हे त्या छायाचित्रांत दिसत नाही.

नवी बस कशी असावी, याविषयीही थोडे लिहू द्या. आमच्या जुन्या बसची पहिली पायरी इतकी उंच होती की गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माझ्या पत्नीला चढवण्यासाठी वाहकाला दरवेळी खाली उतरावे लागे. तो न कंटाळता उतरत असे, 'वयनी, सवकाश' असे म्हणून हात देत असे. ही त्याची माणुसकी होती, पण चढता येणे हे वाहकाच्या माणुसकीवर अवलंबून राहू नये. शहरी बससाठी केंद्राने ठरवलेल्या मानकांत ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर अशा जमिनीपासून आतल्या तळापर्यंतच्या उंचीच्या गाड्या आहेत, आणि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने वाहतूक सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. पणजीत विजेवरच्या नव्या बस धावताना पाहिल्या की बरे वाटते. तशी चढायला सोपी गाडी सत्तरी, काणकोण, सांगे या भागांतल्या म्हाताऱ्या माणसांनाही मिळावी.

दुसरी गोष्ट सामानाची. आमची बस शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाणाऱ्या बायकांची होती. त्या साखळीला उतरून डिचोलीमार्गे पुढची बस धरीत. हिरव्या मिरच्या, भेंडी, आळूची पाने, पावसाळ्यात चिबूड आणि तवशी, असे भरलेले पांटले, म्हणजे पाट्या, घेऊन त्या चढत. 'मावशे, पांटलो हांगा दी' असे म्हणत वाहक मोठी पाटी मागच्या शिडीने टपावर चढवी आणि लहान पाट्या इंजिनाच्या बाजूला रचून ठेवी. नव्या गाड्यांना शिडी नाही आणि टपावर कॅरिअरही नाही, आत बाकड्यांमधली वाट अरुंद आहे. एका नव्या गाडीच्या वाहकाने आमच्या शेजारणीला पाटी घेऊन चढू दिले नाही, आणि तिला तो बाजार चुकवावा लागला. त्याच्या दृष्टीने तो चुकला असे मी म्हणणार नाही, कारण पाटी ठेवायला गाडीत जागाच नव्हती. परंतु गाडी विकत घेताना ती कोण वापरणार आहे, हे विचारले गेले असते तर मागच्या बाजूला दोन बाकडी कमी करून पाट्यांसाठी जागा ठेवणे अशक्य नव्हते.

मी महाविद्यालयात होतो तेव्हा, १९७८-७९ च्या काळात, अर्ध्या तिकिटासाठी गोव्यातील विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. पुढे १९८० साली कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाले. बसचा प्रवास हा सामान्य माणसाचा हक्क आहे, असे त्या वेळी आम्ही तरुण पोरे मोठ्याने म्हणत होतो. आज त्याच वयाच्या आमच्या गावच्या पाच मुली सकाळी साखळीच्या महाविद्यालयात जाण्यासाठी तीन किलोमीटर चालत मुख्य रस्त्यावर येतात. रस्त्याला दिवे नाहीत, पावसात ओढ्याचे पाणी वर येते. दोघींच्या घरी आता दुचाकी घेण्याचे बोलणे चालू आहे आणि तिसरीच्या वडिलांनी तिचे नाव काढून घेण्याचा विषय काढला होता, तो आम्ही चार शेजाऱ्यांनी मिळून सध्या थांबवला आहे.

चतुर्थी जवळ येत आहे. त्याआधीचे दोन-तीन दिवस आमच्याकडच्या बायका गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचे सामान, म्हणजे रानातली फळे, कांगले, नारळाच्या पेंडी, सुपाऱ्यांचे घड घेऊन पणजीच्या बाजारात पदपथावर बसतात, आणि वर्षभरातली त्यांची मोठी कमाई त्या दोन-तीन दिवसांत होते. गेल्या वर्षीपर्यंत त्या सहा चाळीसच्या बसने जात आणि आठच्या सुमारास बाजारात जागा धरीत. वाहतूक खात्याने चतुर्थीपूर्वी त्या वेळेला तात्पुरत्या परमिटवर का होईना, पाट्या घेणारी एखादी गाडी सुरू करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यासाठीचा अर्ज आमच्या पंचायतीने दिलेला आहे आणि त्यावर सही केलेल्यांत त्या बसचे जुने मालकही आहेत.

आपला नम्र,
एक ज्येष्ठ प्रवासी,
सत्तरी, गोवा