जंगलाच्या नावाने घेतलेल्या ३,२१० रुपयांबद्दल तक्रार

दांडिया बाजार, वडोदरा
दिनांक : ३ फेब्रुवारी २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
तंबू-निवास आरक्षण विभाग

विषय : जांबुघोडा अभयारण्याच्या परिसरातील तलावाकाठच्या तंबू-निवासासाठी ‘वनप्रवेश पास’ व इतर पासांच्या नावाखाली घेतलेली रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारसाठी मी आपल्या कंपनीच्या ॲपवरून दोन तंबू आरक्षित केले होते. आम्ही घरचे सात जण होतो : मी, माझे यजमान, सासरे, दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं. आरक्षण क्रमांक आणि पैसे भरल्याची पावती सोबत जोडली आहे. निवास ठीक होता. तंबू स्वच्छ होते. स्वयंपाक करणाऱ्या गावातल्या बहिणींनी मक्याचे रोटले आणि अडदाची डाळ इतक्या मायेने वाढली की सासऱ्यांनी दोनदा मागून घेतली. त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही आणि या पत्रामुळे त्यांना कुणी एक शब्द बोलू नये, अशी विनंती आहे. तक्रार आपण घेतलेल्या पैशांबद्दल आहे, आणि त्याहूनही ते कुणाच्या नावाने घेतले त्याबद्दल.

ॲपच्या पहिल्या पानावर दोन तंबूंचे ४,८०० रुपये दिसत होते. सर्वांची नावं, वयं, गाडीचा नंबर भरून झाल्यावर शेवटच्या पानावर रक्कम ८,३०९ झाली. मधली वाढ अशी : ‘वनप्रवेश पास’ माणशी २५० प्रमाणे १,७५०, ‘सरोवर दिवसपास’ माणशी १०० प्रमाणे ७००, ‘वाहन पास’ ३००, ‘कॅमेरा पास’ २५०, ‘वनसंवर्धन अंशदान’ माणशी ३० प्रमाणे २१० आणि सुविधा शुल्क २९९. माझा धाकटा पुतण्या चार वर्षांचा आहे. त्याच्याही नावाने प्रत्येक पास लावला होता. अंशदानासमोरच्या चौकटीत आधीपासूनच बरोबरची खूण होती. वर लाल अक्षरांत ‘फक्त दोनच तंबू शिल्लक’ असं झळकत होतं. घरातल्या सगळ्यांच्या सुट्ट्या मोठ्या मुश्किलीने जुळल्या होत्या, म्हणून मी पैसे भरले. तिथे पोहोचलो तेव्हा ओळीतले निम्मे तंबू रिकामे होते आणि रात्रीही रिकामेच राहिले.

पैसे भरताना माझी समजूत अशी होती की आम्ही अभयारण्याच्या आत, वनखात्याच्या तळावर राहणार आहोत. ॲपवरच्या छायाचित्रात वनखात्याचा हिरवा फलक ठळक दिसतो, आणि खाली ‘सर्व शासकीय पास समाविष्ट’ असं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात आपले तंबू अभयारण्याबाहेर, एका खाजगी शेतात आहेत. खाजगी शेतात राहण्यात काही गैर नाही. पण तिथे उतरायला वनप्रवेशाची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अभयारण्याच्या नाक्यावर गेलो. मी मोबाइलवर आपले पास उघडून दाखवले. तिथल्या वनरक्षकांनी शांतपणे सगळे पाहिले आणि म्हणाले, “बेन, आ तो तंबूवाळानी चिठ्ठी छे, परमिट नथी.” (ताई, ही तर तंबूवाल्यांची चिठ्ठी आहे, परवाना नाही.) मग त्यांनी नावं, गाडीचा नंबर, आत जाण्याची वेळ लिहून घेतली, शुल्क घेतलं आणि छापील पावती दिली. चार वर्षांच्या मुलाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. माणसं, गाडी, कॅमेरा सगळं मिळून झालेली रक्कम आपल्या त्याच बाबींच्या रकमेपेक्षा बरीच कमी होती. पावतीची प्रत जोडली आहे, ती आपल्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावी. म्हणजे एकाच प्रवेशाचे आम्ही दोनदा पैसे दिले, आणि त्यातल्या पहिल्या रकमेचा प्रवेशाशी काही संबंध नव्हता.

अभयारण्यातला प्रवेश हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधला विषय आहे. कलम २७ प्रमाणे अभयारण्यात कुणालाही मोकळेपणी शिरता येत नाही आणि कलम २८ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक पर्यटनासाठी परवाना देऊ शकतात. त्याच्या अटी आणि शुल्क ठरवण्याची तरतूदही तिथेच आहे. म्हणजे परवाना देणारा अधिकारी कोण, हे कायद्यानेच सांगितलं आहे. आपण दिलेल्या पासावर कोणत्याही कार्यालयाचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही, शिक्का नाही. मग त्याला ‘वनप्रवेश पास’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला, हे मला लेखी कळावं.

‘सरोवर दिवसपासा’चं तर मला अजून आश्चर्य वाटतं. शेताला लागून जो तलाव आहे तो पाटबंधाऱ्याचा आहे. काठावर गावची मुलं म्हशी धुवायला आणत होती, बायका कपडे घेऊन येत होत्या, बगळे आणि पाणकावळे त्यांच्यातच वावरत होते. नाका नाही, खिडकी नाही, नौका नाही, पास तपासणारं कुणी नाही. सगळ्या गावाचा जिथे रोजचा वावर आहे, त्या काठावर बसल्याचे आपण आमच्याकडून ७०० रुपये घेतले.

माझे सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. बडोद्याच्या आसपासचं पाणी कुठून येतं, कुठे जातं, हे त्यांना तोंडपाठ आहे. शहराला पाणी पुरवणारं आजव्याचं सरोवर सयाजीरावांच्या काळातलं. डभोईजवळचा वढवाणा तलावही त्यांच्याच काळात, १९०९-१० च्या सुमारास शेतीसाठी बांधला. जोजव्याच्या बंधाऱ्यापाशी ओरसंग नदीचं पाणी वळवून तो भरतात. शेतीसाठी बांधलेल्या त्या तलावावर आता हिवाळ्यात दूरदेशीचे हजारो पक्षी उतरतात. २०२१ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिथे आम्ही दर वर्षी जातो, खिडकीवर तिकीट काढतो आणि आत जातो. त्या तिकिटाबद्दल आमच्या घरात कधी कुणी कुरकुर केलेली नाही.

हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्या ग्राहक सेवेच्या मुलाने मला फोनवर सांगितलं, “मॅडम, जंगलात जायचं तर फी लागतेच.” शुल्काला माझा विरोध नाही. उलट ते घ्यावं, असंच माझं मत आहे. जांबुघोड्याचं अभयारण्य १९९० मध्ये घोषित झालं, साधारण १३० चौरस किलोमीटरचं आहे. सागवान, बांबू आणि मोहाच्या त्या जंगलात अस्वल आहे, बिबट्या आहे, आणि आत गावंही आहेत. तिथल्या झंड हनुमानाच्या देवळात किती गर्दी लोटते, ते आम्ही त्याच फेरीत पाहिलं. इतक्या लोकांचा भार एका लहानशा जंगलावर पडत असेल तर कोण आत गेलं, कोणती गाडी बाहेर आली, याची नोंद हवीच. रस्त्याकडेचं प्लास्टिक उचलणारा माणूस हवा, उन्हाळ्यात वणव्यावर नजर ठेवणारा माणूस हवा. पावतीवरचा पैसा सरकारच्या हिशेबात जातो आणि त्याचा हिशेब नागरिकाला मागता येतो. आपण घेतलेल्या पैशाचा हिशेब मात्र मागूनही मिळत नाही.

परतताना गाडीत माझे दीर रागाने म्हणाले की वनखातं लुटायला बसलंय, एकदा ऑनलाइन घेतात आणि पुन्हा नाक्यावर घेतात. त्यांना पावत्या शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या तेव्हा कुठे त्यांना पटलं. प्रत्येक गाडीत असं समजावणारं कुणी असेलच असं नाही. थंडीत पहाटे नाक्यावर उभा राहणारा वनरक्षक लोकांच्या शिव्या खातो, त्या आपण आकारलेल्या रकमेच्या. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. पुढच्या खेपेस हीच माणसं परवाना न काढता बाजूच्या वाटेने आत शिरली, तर त्या जंगलाचं जे नुकसान होईल त्याला आपणही जबाबदार असाल.

आता ‘वनसंवर्धन अंशदाना’चे २१० रुपये. हे कुणाला दिले? कोणत्या रोपवाटिकेला, जंगल राखणाऱ्या कोणत्या गावच्या वन मंडळीला, कोणत्या खात्यात? मी तीनही माध्यमांतून विचारलं : ॲपवरच्या चॅटवर, ईमेलने आणि फोनवर. चॅटवर प्रत्येक वेळी एकच तयार उत्तर आलं. ईमेलला उत्तर आलं ते एवढंच की ‘सदिच्छा म्हणून’ ५०० रुपये माझ्या ॲपमधल्या वॉलेटमध्ये जमा केले आहेत आणि ते सहा महिन्यांत वापरावेत. ते पैसे मी वापरलेले नाहीत आणि वापरणार नाही. माझे पैसे बँकेतून गेले, ते बँकेतच परत यावेत.

कायद्याची बाजू आपल्या विधी विभागाला ठाऊक असणारच, तरी लिहिते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे आधीपासून खूण केलेली चौकट ही ग्राहकाची संमती मानता येत नाही. त्याच नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. माझी पहिली लेखी तक्रार डिसेंबर अखेरची आहे आणि तो महिना उलटून गेला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न्स’विषयी, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या युक्त्यांविषयी, मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. त्यात सांगितलेल्या १३ प्रकारांपैकी माझ्या एका आरक्षणात मला तीन दिसतात : सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटी वाढवणं, न विचारता देणगी जोडणं, आणि खोटी घाई निर्माण करणं. पानांचे स्क्रीनशॉट मी जपून ठेवले आहेत, प्रती जोडल्या आहेत.

माझी मागणी सरळ आहे. वनप्रवेश, सरोवर, वाहन, कॅमेरा आणि अंशदान या पाच बाबींचे मिळून ३,२१० रुपये मी ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत करावेत. तंबूंचं भाडं मी मागत नाही, ती सेवा मला मिळाली. सुविधा शुल्काचे २९९ रुपयेही मागत नाही. ते आपल्या कामाचे आहेत आणि आपण ते आपल्याच नावाने घेतलेत. ते पहिल्याच पानावर दिसायला हवे होते, एवढंच माझं म्हणणं आहे. त्याबरोबर या सहलीच्या पानावरून वनखात्याच्या फलकाचं छायाचित्र आणि ‘सर्व शासकीय पास समाविष्ट’ ही ओळ काढावी, आणि तंबू खाजगी जागेत आहेत, अभयारण्यात जायचं असल्यास परवाना नाक्यावर वेगळा काढावा लागेल, असं मराठी, गुजराती आणि हिंदीत स्पष्ट लिहावं. ज्यांनी ज्यांनी हे पास घेतले त्या सगळ्यांना पैसे परत द्यावेत असं मला मनापासून वाटतं. त्यातले बरेचजण बडोद्याचेच असतील आणि अनेकांना आपण काय विकत घेतलं हे अजून कळलंही नसेल.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम जमा झाली नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि वडोदऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करीन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला माझ्या राहत्या जिल्ह्यात अर्ज करण्याची मुभा दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. पत्राची एक प्रत आणि आपल्या ‘वनप्रवेश पासा’ची प्रत मी संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयालाही पाठवते आहे, कारण त्यांच्या नावाने काय विकलं जातं आहे हे त्यांना कळायला हवं.

उत्तर कृपया लेखी द्यावं, चॅटवर नको. अंशदानाचे पैसे कुणाला पोहोचले, या प्रश्नाचं उत्तर त्यात वेगळं असावं.

आपली ग्राहक,
(सही)

सोबत : आरक्षणाची पावती, नाक्यावरची शासकीय पावती, ॲपच्या पानांचे स्क्रीनशॉट, आधीच्या ईमेलच्या प्रती.