मी सोप्यावरच बसलो होतो

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सूचिपत्रे, म्हणजे घरबसल्या माल मागवायचे छापील कॅटलॉग, आता मेली, असे सांगणारा आपल्या रविवारच्या पुरवणीतला मृत्युलेख वाचला. सिअर्स या अमेरिकन दुकानाचे जाडजूड पुस्तक १९९३ साली बंद पडले इथपासून आयकियाने २०२० साली छापील कॅटलॉग थांबवला इथपर्यंत लेखकमहाशयांनी तिरडी अगदी व्यवस्थित बांधली आहे. भाषाही सुरेख. फक्त प्रेत अजून हलते आहे, तेवढे बघायचे राहून गेले. अमेझॉनने २०१८ साली नाताळाच्या आधी अमेरिकेत खेळण्यांचे छापील सूचिपत्र घरोघर पाठवायला सुरुवात केली. ज्या ऑनलाइन दुकानदारांच्या नावाने आपण रडतो आहोत, तेच छापखान्यात जाऊन बसले आहेत. असो.

मला चहाचा कप खाली ठेवावा लागला तो पुढच्या वाक्यापाशी. माल दारात आल्यावर पैसे देण्याची सोय ही म्हणे ऑनलाइन युगाची देणगी! महाशय, व्ही. पी. नावाची एक गोष्ट असते: पोस्टमन पुडके दारात आणतो, त्याला पैसे मोजायचे आणि पुडके सोडवून घ्यायचे. इंग्रजांच्या टपाल खात्याने ती १८७७ साली सुरू केली. आम्हा गोवेकरांकडे भारतीय टपाल मुक्तीनंतर आले, म्हणून आमची ओळख जरा उशिरा झाली, एवढेच. पण ‘व्हीपी सोडवायची आहे, पैसे काढून ठेव’ हे वाक्य मी शाळकरी वयापासून ऐकत आलो आहे. फ्लिपकार्टने २०१० साली तेच केले तर ती क्रांती, आणि आमच्या पोस्टमनने खाकी पिशवीतून केले तर तो इतिहाससुद्धा नाही.

फसवणारे तेव्हाही होते, हे कबूल. पैसे आधी मोजायचे आणि पुडके मग उघडायचे, ही व्हीपीची गोम होती. आमच्या वाड्यावरच्या एकाने मासिकातली जाहिरात बघून ट्रान्झिस्टर मागवला. पुडक्यातून निघाले मातीचे ढेकूळ. पुढे कितीतरी वर्षे लोक त्याला विचारायचे, ‘काय रे, ढेकळावर रेडिओ सिलोन लागते का?’

आमच्या घरी सूचिपत्र यायचे ते बियाण्यांचे, पुण्याहून. मुखपृष्ठावर रंगीत फुले, आत बारीक टाइपात नावे, तोळ्याचे भाव आणि लावणीचा महिना. बाबा ते रात्री जेवण झाल्यावर वाचत आणि पेन्सिलीने खुणा करत. डेलियाच्या पानावर सलग चार वर्षे खूण आहे. मागवला मात्र एकदाही नाही, कारण कुळागर, म्हणजे आमची पोफळीची बाग, सोडून फुलझाडांवर पैसे घालणे आजोबांच्या लेखी चैन होती. ती सूचिपत्रे अजून माझ्या कपाटात आहेत आणि त्यातला डेलिया गुपचूप आपल्या पानावर बसलेला आहे. परवा फोनवर सहज डेलियाचे कंद बघितले, तर आठवडाभर जिथे जाईन तिथे डेलिया पुढे. तिथीचे पान उघडले तरी डेलिया!

१९८३ साली बाबांनी नवलकोलचे बी मागवले. व्हीपी सोडवून पाकीट फोडले आणि त्यांनी लगेच ओळखले. नवलकोलचे बी मोहरीसारखे बारीक असते, हे जाड आणि तांबूस होते, म्हणजे मुळ्याचे. त्यांनी पंधरा पैशांचे कार्ड टाकले. बारा दिवसांत नवे पाकीट आले आणि सोबत चार ओळी: चुकीबद्दल दिलगीर आहोत, मुळ्याचे बी परत पाठवू नये, पेरावे. खाली शाईने सही. ते नाव आमच्यापैकी कुणालाच कधी वाचता आले नाही, पण सही होती. त्या हिवाळ्यात आम्ही मुळा खाऊन खाऊन वैतागलो.

आता यंदाच्या मे महिन्यातले ऐका. पोफळीवर बोर्डो हे बुरशीनाशक मारायच्या पंपाचे नोझल गेले. मृगाआधी पहिली फवारणी झाली नाही तर सुपारी कुजवणारा कोळेरोग काय करतो, हे कुळागरवाल्यांना सांगायला नको. फोंड्यातल्या दुकानदाराने ‘ते मॉडेल बंद झाले, ऑनलाइन बघा’ म्हणून हात झटकले. पुतण्याने मागवून दिले. पत्ता पूर्ण लिहिला: घर क्रमांक, वाडा, देऊळ, गाव, तालुका. याच पत्त्यावर मला पन्नास वर्षे पत्रे येत आहेत.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. आमच्याकडे नेटवर्क विहिरीच्या कठड्यापाशी मिळते, म्हणून तिकडे धावलो. पलीकडचा मुलगा म्हणतो, ‘अंकल, लोकेशन भेजो.’ पुतण्याने पाठवले. अर्ध्या तासाने पुन्हा फोन. लोकेशन नदीत दाखवतेय! तो बिचारा वळवईच्या फेरीधक्क्यावर मोटारसायकल लावून मांडवीकडे बघत उभा होता. मी म्हटले, कुणालाही विचार, मास्तरांचे घर म्हण. ‘किसी को पूछने का टाइम नहीं है अंकल.’ त्याला तरी काय बोलणार? दिवसाला किती पुडकी पोचवायची असतात, त्याचे त्याला ठाऊक.

संध्याकाळी संदेश आला: ‘डिलिव्हरीचा प्रयत्न केला. ग्राहक घरी नाही.’

मी सोप्यावरच बसलो होतो. दुसऱ्या दिवशीही बसलो, तिसऱ्या दिवशीही. दुपारची वामकुक्षीसुद्धा सोप्यावरच, म्हणजे पुढच्या ओसरीवरच, घेतली. तिन्ही दिवस तोच संदेश. मग पुडके परत गेले. तक्रार करायला गेलो तर यंत्र लगबगीने लिहिते, ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो’, आणि वर विचारते की या संभाषणाला पाचापैकी किती तारे देणार. पैसे परत आले, खोटे कशाला बोलू. पण मी शेजाऱ्याचा पंप उसना घेईपर्यंत पहिला पाऊस पडून गेला होता.

म्हणून म्हणतो, सूचिपत्र जगेल की मरेल याची चर्चा जरूर करा, पण आमच्याकडे नेमके काय गेले ते आधी फोंड्याच्या चार गावांत फिरून बघा. आमचा पोस्टमन मी घरी नसलो तर पुडके पसरकाराकडे, म्हणजे गावच्या दुकानदाराकडे, ठेवायचा आणि निरोप माझ्या आधी घरी पोचायचा.

पुस्तकांचेही तेच. पुण्यामुंबईच्या प्रकाशकांच्या याद्या आल्या की आम्ही शाळेतले चार शिक्षक मिळून एकच पार्सल मागवायचो, खर्च वाटून घ्यायचो. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने छापील पुस्तकांची ती स्वस्त नोंदणीकृत सोय बंद केली. मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट आले. सुरुवातीला तीनशे ग्रॅमला वीस रुपये, म्हणजे दर वाईट नव्हता. त्याच वर्षी रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झाले. यावर आपल्या पुरवणीत मला एक ओळ दिसली नाही. सिअर्सवर मात्र अर्धे पान!

जाता जाता आणखी एक. आपल्या या सदराखाली हल्ली चौकट असते: ‘पत्रे फक्त ई-मेलने पाठवावीत.’ कागदी सूचिपत्रासाठी गहिवरणाऱ्या वृत्तपत्राला कागदी पत्राचे वावडे असावे, याची मौज वाटली. आपल्या आज्ञेनुसार हे पत्र पुतण्याने विहिरीच्या कठड्यावर बसून ई-मेलने धाडले आहे. मूळ पत्र मी पाकिटात घालून, तिकीट लावून, गावच्या पेटीत टाकतो आहे.

कोणते आधी पोचले ते कृपया कळवावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
सावईवेरे, फोंडा