छायाचित्र बुल शार्कचे, नाव गंगा शार्कचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गंगा शार्क आणि कोंडाणा उंदीर यांची तुलना करणारा कालचा लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल आभार, पण गंगा शार्क म्हणून छापलेले छायाचित्र बुल शार्कचे आहे. बुल शार्कही नदीत शिरतो. या गोंधळामुळेच त्याने केलेल्या हल्ल्यांचे खापर गंगा शार्कच्या माथी फुटत आले. आता बंदरावरचा माणूस तुमचे छायाचित्र पाहून मुशी (शार्क) ओळखायला गेला, तर नेमकी हवी तीच हातची जाईल.

गंगा शार्कचा डोळा अगदी बारीक असतो. पाठीवरचा दुसरा पर पहिल्याच्या निम्म्या उंचीचा. बुल शार्कमध्ये तो जेमतेम तिसरा हिस्सा. शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूची खाच गंगा शार्कमध्ये अंगाच्या लांबीच्या दिशेने, लांबट असते, बुल शार्कमध्ये चंद्रकोरीसारखी आडवी. फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर गंगा शार्कची सुमारे 266 सेंमीची मादी नोंदली गेली. डोके आणि पर कापल्यावर यातले काहीच दिसत नाही. म्हणून कापण्याआधी मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावेत: एका बाजूने पूर्ण शरीर, खालून जबडा, पाठीचे दोन्ही पर, शेपटीची खाच. मांसाचा नखाएवढा तुकडा 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा. फॉर्मलिन वापरू नये, डीएनए खराब होतो.

उंदराला तर अर्धाच परिच्छेद, आणि मथळ्यात त्याला 'घूस' म्हटले आहे. घूस निराळी. पैदास भराभर होते म्हणून तो सावरेल, हे लेखकाचे म्हणणेही पटत नाही. 1975 मध्ये वर्णन झालेली ही जात मुख्यतः सिंहगडाच्या माथ्यावरच माहीत आहे. शार्क जाळ्यातून सुटला तर दुसरी खाडी गाठेल. याने कुठे जावे? माथ्यावरचे गवत-झुडूप साफ केले की आडोसा जातो. खरकट्यावर घरउंदीर पोसतात, आणि त्यांच्यासाठी झिंक फॉस्फाइडचे आमिष टाकले तर ते यालाही लागते.

शार्क अतिसंकटग्रस्त, उंदीर संकटग्रस्त. तरी वन्यजीव संरक्षण कायद्याने शार्कला 2001 मध्ये पहिल्या, सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत घेतले आणि उंदीर मात्र जातीचा भेद न करता सरसकट पाचव्या, उपद्रवींच्या अनुसूचीत राहिले. 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली. तुलनाच करायची तर हा फरक लेखात पहिला यायला हवा होता.

योग्य छायाचित्र त्याच पानावर, त्याच आकारात छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे