दुकान उघडं की बंद हे झालं, सोडणाऱ्याचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रांच्या पानावर परत दारूबंदीचा विषय निघालाय. एक म्हणतो बंदी परत लावा, दुसरा म्हणतो बंदीनं काय झालं, तस्कर तेवढे मोठे झाले. दोघांचंही वाचलं, दोघांचंही थोडं थोडं पटतं. पण माझं इथं चंद्रपुरात मेडिकल आहे, बंदीच्या आधी होतं, बंदीत होतं, आता बंदी उठल्यावरही तेच काउंटर आहे, आणि या तिन्ही काळात ज्याला खरंच सोडायची होती त्याच्यासाठी शहरात काय बदललं असं कोणी मला विचारलं तर मी म्हणेन जवळपास काहीच नाही. पत्र लांब झालंय, जागा नसेल तर कापा, पण गोळ्यांबद्दलचं कापू नका.

नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून थोडं जुनं सांगतो. २०१० च्या डिसेंबरात श्रमिक एल्गार या संघटनेच्या पारोमिता गोस्वामींसोबत हजारो बाया दारूबंदी मागायला चिमूरहून पायी नागपूरच्या अधिवेशनावर गेल्या होत्या. मग समिती, मग अहवाल, मग निवडणूक, आणि १ एप्रिल २०१५ ला जिल्हा कोरडा झाला. वर्धा १९७४ पासून बंद, गडचिरोली १९९३ पासून बंद, मधे आता आपणही. कागदावर बरं. प्रत्यक्षात घुग्घुसच्या पुढं नदी ओलांडली की वणी, राजुऱ्याकडून खाली गेलं की तेलंगणा, त्यामुळं माल यायचा तो आलाच, फक्त पव्व्याचा भाव वाढला. २०१८ ला नागभीडकडे दारूच्या गाडीनं एका पोलीस अधिकाऱ्याला चिरडलं ते तुम्हीच पहिल्या पानावर छापलं होतं. मे २०२१ मधे कॅबिनेटनं बंदी उठवली, जुलैत दुकानांसमोर रांगा. त्याच्या थोडं आधी, एप्रिलमधे, लॉकडाऊनमुळं दारू मिळेना म्हणून तिकडं वणीत लोक सॅनिटायझर प्याले आणि सात जण गेले.

त्या चिमूरच्या बायांना आता हसायची फॅशन झालीय, मला ते आवडत नाही. ज्याच्या घरी महिन्याचा पगार दहा तारखेला संपत नाही त्यानं हसू नये एवढंच. पण त्या बायांनी नवरा सुधारावा म्हणून दुकान बंद मागितलं, आणि सरकारनं दुकान बंद करून दिलं, नवऱ्याचं बघायचं राहून गेलं. हे माझं मत आहे, ज्याला पटत नाही त्यानं उत्तर लिहावं.

आता काउंटरवरचं. सकाळी शटर वर केलं की पहिली गिऱ्हाईकं कोण असतात सांगू? हात थरथरणारे. पैसे मोजता येत नाहीत, नोट काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात झोपेची द्या, नाहीतर खोकल्याचं द्या. चिठ्ठी नसली की देता येत नाही, अशा औषधांची एच-वनच्या रजिस्टरला नोंद करावी लागते, तरी कुठं ना कुठं मिळतेच, नाही असं म्हणणारा केमिस्ट खोटं बोलतोय. २०१५ च्या एप्रिलमधे पहिल्या आठवड्यात असे इतके आले की मला वाटलं कुठं तरी आता शिबिर लागेल, वॉर्ड उघडेल, निदान डॉक्टर बसवतील. मला तरी कुठं दिसला नाही.

लोकांना एक गोष्ट अजून माहीत नाही, शिकलेल्यांनाही नाही. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली तर तो मरू शकतो. सहा-आठ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आलंय असं वाटतं. घरचे म्हणतात नाटक करतो, नाहीतर बाहेरचं काही लागलं, आणि देवऋषीकडे नेतात. याला सरळ उपचार आहे, डॉक्टरच्या देखरेखीखाली पाच-सात दिवस कमी कमी करत जायच्या गोळ्या, आणि बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं, ती तर अगदी स्वस्त आहेत. आठवड्याचं काम आहे. त्यापुढचं मात्र आठवड्याचं नाही, वर्षांचं आहे.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे बाया. डोक्यावर पदर, गर्दी कमी व्हायची वाट बघत बाजूला उभ्या राहतात. मग हळूच, "भाऊ, चहात टाकाची गोळी हाय का? त्याले समजलं नाही पाहिजे." ही डायसल्फिराम. माणसाला न सांगता दिली आणि तो वरून प्याला तर तोंड लालबुंद होतं, उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली, हार्टचा पेशंट असला तर संपलाच. ही गोळी ज्याला सोडायचीय त्यानं स्वतः, समजून, डॉक्टरांना विचारून घ्यायची आहे. मी देत नाही. मग ती विचारते, मग कुठं नेऊ? इथं मला गप्प बसावं लागतं ना. सिव्हिलला मानसोपचाराच्या ओपीडीत जा म्हणतो, पण ती सकाळची, आणि नवरा खाणीत किंवा पेपर मिलच्या ठेकेदाराकडे, एका खाड्याचे पैसे जातात, आणि रांगेत शेजारचा दिसला तर संध्याकाळी अख्ख्या बाबूपेठेत बातमी. पुण्या-मुंबईत माणूस गर्दीत हरवून जातो, इथं जटपुरा गेटवर उभं राहिलं तर दहातले चार ओळखीचे निघतात.

उरतात प्रायव्हेट व्यसनमुक्ती सेंटर. सगळी वाईट नाहीत, पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे आणि तिथून सुधारून आलेली माणसं आपल्या जिल्ह्यातही आहेत. पण काही ठिकाणी काय चालतं ते ऐकून आहे. रात्री गाडी येते, चार जण माणसाला घरातून उचलतात, महिनाभर कोंडतात, घरच्यांशी बोलू देत नाहीत. माझ्या ओळखीतला एक असाच राहून आला, सेंटरचं नाव लिहीत नाही, पायाला वळ होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचा आजारही धरलाय, साखळीनं बांधायला त्यात साफ बंदी आहे आणि सेंटरला नोंदणी लागते. पैसे भरायच्या आधी नोंदणीचा कागद मागा, तो दाखवायला का-कू केली तर तिथूनच परत फिरा.

तोच माणूस घरी आला तेव्हा वजन वाढलेलं, चेहरा तजेलदार, बायकोनं पेढे वाटले. त्याला पुढं काय करायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. गोळी नाही, फॉलोअप नाही, कागदावर लिहिलेलं काही नाही. पानठेल्यावर जुने दोस्त, "काय बे, मोठा साधू झाला का?" लग्न, बारसं, पोळ्याचा दुसरा दिवस, सगळीकडे ग्लास पुढं. पोळ्यालाच घसरला. आणि घरच्यांनी काय केलं तर परत त्याच गाडीला फोन! आता शुगरचा पेशंट दिवाळीत लाडू खाऊन आला तर त्याला कोणी उचलून नेत नाही, डोस बघतात, चार गोष्टी सांगतात. घसरणं या आजारात होतंच, पहिल्या काही महिन्यांत तर फारच होतं, तेव्हाच माणसाला आठवड्याला कोणीतरी भेटायला हवं असतं. तलफ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत, माझ्याकडे त्यांच्या चिठ्ठ्या क्वचितच येतात.

शेजारी गडचिरोलीत बघा. तिथं २०१६ पासून मुक्तिपथ चाललंय, गावोगावी दारूविरोधी काम तर आहेच पण तालुक्याच्या गावी व्यसनाचं क्लिनिकही भरतं. म्हणजे बंदी आणि उपचार दोन्ही एका जिल्ह्यात होऊ शकतं. आपल्याकडे बंदीही नाही, मग उपचार तरी करा की. दुकानांच्या लायसनचे पैसे सरकारला येतातच आहेत.

देशपातळीवरही फार वेगळं नाही म्हणा. एम्सनं केलेला सर्वे २०१९ ला आला, त्यात होतं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळतो, आणि ॲडमिट होऊन तर १८० मधे एकाला.

पोरांचं थोडक्यात लिहितो, त्यावर खरं तर वेगळं पत्र लागेल. गांजा, गोळ्या, बॉनफिक्स गोंदाचा वास, आणि आता एमडी, म्हणजे मेफेड्रोन. एमडीला अमुक एक उतारा असं औषध नाही, समुपदेशन आणि लक्षणं बघून उपचार एवढंच. आईबाप दवाखान्यात नेत नाहीत कारण भीती, पोलीस केस होईल, पोराचं करिअर जाईल. तर अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात कलम ६४ अ आहे. स्वतःसाठी नशा करणारा किंवा थोडकाच माल जवळ सापडलेला व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालवत नाहीत, उपचार अर्धवट सोडला तर मात्र ही सवलत जाऊ शकते. विकणाऱ्याला हे लागू नाही. पोलिसांचे नशामुक्तीचे बॅनर शहरभर लागतात, रॅल्या निघतात, शाळेच्या पोरांना उन्हात चालवतात, त्या बॅनरवर ही एक ओळ छापली असती तर?

मागणी माझी मोठी नाही. आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी व्यसनाची ओपीडी, ड्युटी सुटल्यावर जाता येईल अशी, आणि दारावर व्यसनमुक्ती असं मोठं न लिहिता. डायसल्फिराम, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही तीन औषधं सरकारी दवाखान्यात कायम स्टॉकमधे. आणि महानगरपालिकेनं संध्याकाळी रिकामे पडलेले शाळेचे वर्ग एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, मीटिंगला द्यावेत. मी एकाला सोबत म्हणून एका ओपन मीटिंगला गेलो होतो, पंधरा-वीस खुर्च्या, एक पंखा, काळा चहा, कोणी कोणाला उपदेश करत नाही, प्रत्येक जण आपलं आपलं सांगतो, जात-धर्म-हुद्दा कोणी विचारत नाही, फीही नाही. एक बँकवाले साहेब आणि एक हमाल शेजारी शेजारी बसले होते.

तुमच्याकडेही एक मागणं आहे. तुमच्या पेपरात 'आज शहरात' म्हणून चौकट येते, कीर्तन, व्याख्यान, वधूवर मेळावा. त्यात या मीटिंगचा वार, वेळ, जागा छापत जा, खाली १४४४६ हा व्यसनमुक्तीचा फुकट हेल्पलाइन नंबर आणि १४४१६ हा टेलीमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा. दोन ओळी लागतील. त्या चौकटीचं कात्रण मी काउंटरच्या काचेला आतून लावीन, म्हणजे पदर घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईला काही न विचारता वाचता येईल.

आपला,
एक औषध दुकानदार, चंद्रपूर
(नाव-पत्ता सोबत दिलाय, कृपया छापू नये, गिऱ्हाईकं ओळखू येतील.)